स्टेजवर कोण बोलणार? टेंभली, शहादा आणि तीस मिनिटांचं प्रपोजल

कुठल्याही डेव्हलपर कॉन्फरन्सचं 'प्रपोजल पाठवा' असं आवाहन निघालं की आमच्या मित्रमंडळीत एक ठरलेला संवाद होतो. "तू टाकतोयस का?" "छे रे, माझ्याकडे काय आहे सांगण्यासारखं!" गंमत म्हणजे हे दुसरं वाक्य पुण्या-मुंबईत वाढलेल्यांच्या तोंडून कमी ऐकू येतं. आमच्या नंदुरबारकडची, म्हणजे शहादा, तळोदा, नवापूर इकडून आलेली मंडळी मात्र ते हमखास म्हणतात. त्यातले काहीजण तर असं काम करतात की ऐकताना आपण चहा प्यायचं विसरावं.

असं का होतं? लाजाळूपणा म्हणून सोडून देता येईल. पण मला वाटतं ह्या वाक्याला बराच जुना इतिहास आहे. स्टेजवर कोणी बोलायचं आणि समोर सतरंजीवर कोणी बसायचं, हे आपल्याकडे फार आधीपासून ठरत आलंय. तर ह्या वीकएंडला तो इतिहास थोडा उलगडून बघू, आणि मग चांगलं प्रपोजल कसं लिहायचं त्याकडे येऊ. दोन्ही गोष्टी एकमेकींना जोडलेल्या आहेत, हे पुढे कळेलच.

सुरुवात १८७८ पासून. न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी ह्या दोघांनी मराठी ग्रंथकारांना एकत्र जमायचं आवाहन केलं. ते 'ज्ञानप्रकाश'मध्ये छापून आलं, आणि त्याच वर्षी मे महिन्यात पुण्यात ग्रंथकारांची पहिली सभा भरली. आजच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं मूळ ते हेच. आपल्या भाषेत सांगायचं तर मराठीतलं पहिलं 'कॉल फॉर पार्टिसिपेशन' म्हणायला हरकत नाही! लिहिणाऱ्यांनी या, एकमेकांना भेटा, ग्रंथांची वाढ कशी होईल ते बघू, असा सरळ हेतू.

पुढची सभा १८८५ ची. ह्या वेळी निमंत्रण महात्मा फुल्यांनाही गेलं, आणि त्यांनी ते नाकारलं. उत्तरादाखल त्यांनी जे पत्र पाठवलं ते मराठीतल्या गाजलेल्या पत्रांपैकी एक आहे. त्याचा आशय थोडक्यात असा: जी माणसं सगळ्यांचे मानवी हक्क मनापासून मान्य करत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि त्यांच्या पुस्तकांशी आमच्या सभांचा आणि पुस्तकांचा मेळ बसत नाही. आमची दुःखं काय आहेत हे त्यांना ठाऊक नाही, मग ती त्यांच्या पुस्तकांत येणार कुठून?

म्हणजे बघा, आवाहन निघाल्यापासून साधारण सात वर्षांत कोणीतरी नेमका प्रश्न विचारला होता. दार उघडं ठेवलंय म्हणता, पण आत जे बोललं जाणार ते कोणाचं?

आता शंभर वर्षं पुढे येऊ आणि पुण्याहून शहाद्याला जाऊ. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. नंदुरबार जिल्हा वेगळा झाला १ जुलै १९९८ ला. सातपुड्याच्या पायथ्याशी भिल्ल, पावरा समाजाच्या जमिनी हातातून जात होत्या, आणि त्या परत मिळवण्यासाठी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला इथे मोठी चळवळ उभी राहिली. १९७२ मध्ये श्रमिक संघटना स्थापन झाली. बाहेरून शिकलेले तरुण आले, सभा झाल्या, मोर्चे निघाले. ह्याच चळवळीतून वाहरू सोनवणे हे कवी पुढे आले. स्वतः भिल्ल, संघटनेचे कार्यकर्ते, मराठीत आणि भिलीत लिहिणारे. १९८७ साली त्यांचा 'गोधड' हा संग्रह निघाला.

त्यांची 'स्टेज' नावाची एक छोटी कविता आहे. इथे ती देत नाही, मिळवून जरूर वाचा. तिचा विषय एवढाच: स्टेजवर बोलणारे दुसरे, खाली बसलेले आम्ही, आणि वरून आम्हालाच आमचं दुःख समजावून सांगितलं जातंय. ही तक्रार शत्रूविरुद्धची नाही हे लक्षात घ्या. ती मदतीला आलेल्यांबद्दल आहे. म्हणूनच ती जास्त बोचते. फुल्यांचा १८८५ चा प्रश्न एका भिल्ल कवीने आपल्या अनुभवातून पुन्हा मांडला, आणि शीर्षकाला शब्दही तोच वापरला जो आपण कॉन्फरन्सच्या हॉलमध्ये रोज वापरतो.

आणखी पुढे. २९ सप्टेंबर २०१०. शहादा तालुक्यातलं टेंभली. पंतप्रधान मनमोहन सिंग, सोनिया गांधी, 'आधार'चे प्रमुख नंदन निलेकणी असे सगळे एका छोट्या गावात आले आणि गावातल्या एका महिलेला देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. आपल्या क्षेत्राच्या दृष्टीने हा ऐतिहासिक दिवस. जगातली सगळ्यात मोठी बायोमेट्रिक ओळख यंत्रणा आमच्या जिल्ह्यात सुरू झाली! एप्रिल २०१६ पर्यंत तिच्यात १०० कोटी लोकांची नोंद झाली.

ह्या यंत्रणेची गोष्ट डेव्हलपर लोकांना कोणी सांगितली? अर्थातच ती बांधणाऱ्यांनी. २०१२ मध्ये बंगळुरूला 'फिफ्थ एलिफंट' ही डेटावरची परिषद सुरू झाली, तिथे आधारच्या अभियंत्यांनी आपलं काम मांडलं. एक नवी व्यक्ती आली की तिचे ठसे आधीच्या कोट्यवधी नोंदींशी ताडून बघायचे, तेही रोज लाखोंच्या संख्येने, हे खायचं काम नाही. ती भाषणं उत्तमच होती आणि व्हायलाच हवी होती.

पण गोष्टीची दुसरी बाजू रेशन दुकानातल्या मशीनपाशी घडते. आयुष्यभर शेतात राबलेल्या माणसाच्या बोटांच्या रेषा झिजतात, मशीन ठसा ओळखत नाही. कधी नेटवर्क नसतं, कधी वीज नसते. केंद्र सरकारच्याच २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीत पडताळणी अयशस्वी होण्याचे जे अंदाज दिलेत, त्यात राजस्थानसाठी ३७ टक्के आणि झारखंडसाठी ४९ टक्के असे आकडे आहेत. टेंभलीला नंतर पत्रकार पुन्हापुन्हा जाऊन आले. पहिल्या कार्डधारकांच्या हाती प्रत्यक्षात काय पडलं ह्याच्या बातम्या छापून आल्या. म्हणजे सर्व्हरची बाजू अभियंत्याने सांगितली आणि ठशाची बाजू पत्रकाराने. त्या मशीनपाशी उभा राहून लॉग वाचणारा, दुकानदाराला फोनवर "आता परत करून बघा" म्हणणारा, त्याच भागातला मुलगा किंवा मुलगी ह्यात कुठेच नाही. तांत्रिक दृष्टीने सगळ्यात मोलाची माहिती खरं तर त्याच्याकडे आहे.

आणि तोच म्हणतो, "माझ्याकडे काय आहे सांगण्यासारखं!"

असो. आता आपल्या कॉन्फरन्सकडे वळू. कारण इथे एक गोष्ट त्या जुन्या सभांपेक्षा वेगळी आहे, आणि ती आपल्या फायद्याची आहे.

कम्युनिटी कॉन्फरन्स बहुतेक वेळा फार छोट्या सुरू होतात. पायथॉनचा पहिला वर्कशॉप नोव्हेंबर १९९४ मध्ये अमेरिकेत झाला तेव्हा साधारण २० माणसं होती. एवढ्या लोकांत कोण बोलणार हे तोंडी ठरतं. पण गर्दी वाढली की ओळखीवर भागत नाही, मग लेखी प्रपोजल मागवावी लागतात. भारतात पहिली पायकॉन इंडिया सप्टेंबर २००९ मध्ये बंगळुरूला झाली. दुसरी २०१० च्या सप्टेंबरमध्ये, म्हणजे टेंभलीत कार्ड वाटली त्याच महिन्यात. २०११ ला ती पुण्यात आली. तिथली पद्धत अशी रुळली की प्रपोजल सगळ्यांना दिसतात, लोक त्यावर मतं देतात, प्रश्न विचारतात.

ही पद्धत पूर्ण निर्दोष आहे असं नाही. ज्याचे मित्र जास्त त्याला मतं जास्त, हे होतंच. म्हणून काही ठिकाणी नाव झाकून निवड करून बघितली गेली. बर्लिनच्या जेएसकॉन्फ युरोपने २०१२ मध्ये आधी स्त्रियांना आवर्जून सांगितलं की प्रपोजल पाठवा, आणि मग निवडताना नावं काढून टाकली. त्या वर्षी वक्त्यांत २५ टक्के स्त्रिया होत्या. ह्यातला पहिला भाग लोक विसरतात. नावं झाकून उपयोग तेव्हाच, जेव्हा मुळात प्रपोजल आलेलं असतं. न आलेल्या प्रपोजलला कुठलीही निष्पक्ष समिती निवडू शकत नाही.

थोडक्यात काय, तर रानड्यांच्या सभेला जायला निमंत्रण लागत होतं. शहाद्याच्या स्टेजवर चढायला कोणीतरी हाक मारावी लागत होती. इथे मात्र एक फॉर्म आहे आणि तो कोणीही भरू शकतो. हे दार पूर्ण उघडं नसेल, पण कडी आतून लावलेली नाही.

मग त्या फॉर्ममध्ये लिहायचं काय? ह्यासाठी आपल्या धंद्यातलं सगळ्यात प्रसिद्ध प्रपोजल बघू. मार्च १९८९ मध्ये टिम बर्नर्स-ली ह्याने सर्न ह्या संशोधन संस्थेत आपल्या साहेबांना एक टिपण दिलं. त्यातूनच पुढे वेब जन्माला आलं. त्या टिपणाची सुरुवात 'हायपरटेक्स्ट म्हणजे काय' अशी नाही. सुरुवात आहे संस्थेच्या रोजच्या डोकेदुखीपासून: इथे माणसं साधारण दोन वर्षं राहतात आणि जातात, नवीन आलेल्याला काही सापडत नाही, माहिती हरवते. वाचणाऱ्याने मान डोलावलीच पाहिजे! साहेबांनी त्यावर शेरा मारला तो असा की हे मोघम आहे, पण रोमांचक आहे. शेऱ्यातला पहिला शब्द महत्त्वाचा. नोव्हेंबर १९९० मध्ये रॉबर्ट कायो ह्या सहकाऱ्याबरोबर त्याने प्रपोजल पुन्हा लिहिलं, त्यात किती माणसं लागतील, किती महिने लागतील, कुठल्या टप्प्यात काय होईल हे सगळं आलं. मोघमपणा गेला.

आणि तरीही, डिसेंबर १९९१ मध्ये अमेरिकेत सॅन अँटोनियोला हायपरटेक्स्टची परिषद झाली, तिथे ह्यांचा पेपर नाकारला गेला! फक्त डेमो दाखवायला जागा मिळाली. तेव्हा पुढच्या वेळी 'क्षमस्व' असा मेल आला तर हे आठवायचं. वेबलासुद्धा एकदा तो आलेला आहे.

आता एक उदाहरण रचून बघू. समजा धडगावकडची एक मुलगी आहे, आरोग्य सेविकांसाठी फोनवरचं नोंदणी ॲप सांभाळते. तिने घाईघाईत लिहिलेलं प्रपोजल असं असेल:

"शीर्षक: ग्रामीण भारतात मोबाइल तंत्रज्ञानाचा वापर. आज भारतात मोबाइल झपाट्याने वाढत आहे. ह्या भाषणात मी ग्रामीण भागातील आव्हानं आणि संधी ह्यांवर प्रकाश टाकेन."

मी स्वयंसेवक म्हणून अशी प्रपोजल्स ढिगाने वाचली आहेत. ह्यात चूक काहीच नाही, पण हे कोणीही लिहू शकतं, अगदी धडगाव नकाशावर न बघितलेला माणूससुद्धा. परीक्षकाला एका संध्याकाळी पन्नास वाचायची असतात. हे वाचून त्याला ना ती मुलगी दिसते, ना तिचं काम.

आता तीच गोष्ट जरा थांबून लिहू:

"शीर्षक: नेटवर्क फक्त आठवडे बाजारात: आठवड्यातून एकदाच सिंक होणारं ॲप. आमच्या आरोग्य सेविका पाड्यांवर नोंदी घेतात, तिथे सिग्नल नसतो. त्या बाजाराच्या दिवशी गावात येतात तेव्हाच फोन जोडला जातो. त्यामुळे एकाच बाळाची नोंद दोन फोनवर होते, फोनचं घड्याळ चुकलेलं असतं, आणि पावरी नावं दोघी दोन प्रकारे लिहितात. शेवटची नोंद खरी मानायची, हा आमचा पहिला उपाय होता. तो का मोडला, त्याऐवजी काय केलं, आणि अजून काय सुटलेलं नाही, हे मी सांगेन. ऐकणाऱ्याला ऑफलाइन ॲपमधल्या नोंदींचा गुंता सोडवायच्या तीन पद्धती आणि त्यांच्या मर्यादा कळतील. एसक्यूएलची तोंडओळख पुरे."

दुसरं वाचून तुम्हालाच जावंसं वाटलं ना? आणि ह्यात एकही अलंकारिक शब्द नाही. फरक कशाने पडला ते बघा. तिने प्रश्न सांगितला, आणि तो प्रश्न प्रत्यक्ष बघितल्याशिवाय सुचणार नाही असा आहे. मोडलेला उपाय सांगितला, कारण न मोडलेल्या उपायाची गोष्ट जाहिरातीत असते. ऐकणारा घरी काय घेऊन जाणार ते सांगितलं. कोणासाठी आहे तेही सांगितलं. मुंबईच्या लोकलमध्ये बोगद्यात सिग्नल जातो तेव्हाही हाच प्रश्न येतो, त्यामुळे विषय धडगावचा असला तरी उपयोग सगळ्यांना.

त्याखाली वेळेचा हिशेब द्यावा. तीस मिनिटं असतील तर: प्रश्न ४, पहिला उपाय आणि तो का मोडला ८, आत्ताची पद्धत १०, न सुटलेलं ४, श्रोत्यांचे प्रश्न ४. हा हिशेब मांडायला बसलं की आपल्याकडे सामान जास्त आहे की कमी हे आपोआप कळतं. बहुतेकांचं जास्त निघतं. मग निम्मं काढायचं.

अजून दोन-तीन गोष्टी. नाव झाकलेली निवड असेल तर मजकुरात "मी अमुक कंपनीत" वगैरे घालू नका, ते वेगळ्या रकान्यात. पूर्वी कधी बोलला नसाल तर ऑफिसात किंवा कॉलेजात दहा जणांसमोर बोला आणि त्याचा साधा व्हिडिओ जोडा. परीक्षकाला एवढंच बघायचं असतं की हा माणूस तीस मिनिटं नीट बोलेल. आणि इंग्रजी? साधी, छोटी वाक्यं लिहा. ह्या विषयात 'नोंद दोनदा होते' हे स्पष्ट सांगता येणं व्याकरणापेक्षा कितीतरी महत्त्वाचं. पाठवायच्या आधी एकदा अशा मित्राला वाचायला द्या ज्याला तुमचं काम माहीत नाही. तो जिथे "म्हणजे?" विचारेल तिथे पुन्हा लिहा.

एक सूचना आम्हा शहरात स्थायिक झालेल्यांसाठी. गावाकडचं हे काम किती भारी आहे, असं भाषण आपणच ठोकायचा मोह होतो. मलाही आमच्या जिल्ह्याबद्दल बोलायला आवडतं. पण जे काम दुसऱ्याने केलंय, त्याचं प्रपोजल त्याने लिहावं, आपण शेजारी बसून मसुदा तपासावा. मुंबई-बंगळुरूच्या तिकिटाचं काय, राहायचं कुठे, प्रवासखर्चाला मदत मिळते का, हे आयोजकांना विचारायचं कामही आपण करू शकतो. बऱ्याच कम्युनिटी कॉन्फरन्स अशी मदत देतात, पण विचारायला संकोच वाटतो. तो संकोच आपल्याला कमी असतो, तेवढाच आपला उपयोग.

२०११ च्या जनगणनेत नंदुरबारची साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास होती, राज्यात सगळ्यात कमी. हा आकडा प्रत्येक भाषणात, प्रत्येक अहवालात असतो. आमच्या जिल्ह्याची ओळख बाहेरच्या स्टेजवर बहुतेक वेळा अशीच करून दिली जाते: मागास, दुर्गम, कुपोषित. आकडे खरे आहेत, लपवायचं कारण नाही. पण त्याच जिल्ह्यातली मुलं-मुली आज डेटाबेस सांभाळतात, मशीन दुरुस्त करतात, ॲप लिहितात. त्यांनी सांगितलेली गोष्ट वेगळी असेल, कारण तिच्यात जिल्हा हा प्रश्नाचं नाव नसेल, तर तो सोडवायला बसलेल्या माणसाचा पत्ता असेल.

तेव्हा पुढचं आवाहन निघेल तेव्हा "माझ्याकडे काय आहे सांगण्यासारखं" म्हणणारा जो कोणी भेटेल, त्याला एकच विचारा: गेल्या सहा महिन्यांत काय मोडलं होतं, आणि तू ते कसं जोडलंस? तो पंधरा मिनिटं बोलेल. ते लिहून काढा. प्रपोजलचा अर्धा मसुदा तयार आहे.